नोकरी नसताना बेटावर : हातात किती महिने आहेत?

मार्चअखेर पगारवाढीची पत्रे हाती पडतात आणि एप्रिलमध्ये राजीनामे दिले जातात. काहींना दुसरी नोकरी मिळालेली असते, काहींना उच्च शिक्षणाला जायचे असते. अलीकडे आणखी एक प्रकार घरोघरी ऐकू येतो : "मी अंदमानला जाते. तिथेच राहून काहीतरी बघेन." घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही, आणि मग भांडण होते ते स्वप्नावरून, समुद्रावरून, लोक काय म्हणतील यावरून. पैशांचा हिशोब मात्र कोणी कागदावर मांडत नाही.

या धड्यात आपण तो हिशोब मांडू. त्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मुलगी इंदूरची, वय २५. तिला आपण शलाका म्हणू. एका खासगी वाहतूक कंपनीच्या कार्यालयात ती तीन वर्षे हिशोबाचे काम करते, हातात २४,००० रुपये पगार येतो. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींबरोबर अंदमानला गेली होती. तेव्हापासून तिच्या मनात हॅवलॉक बेट आहे. तिथे एखाद्या रिसॉर्टमध्ये किंवा स्कूबा डायव्हिंगच्या केंद्रात काम मिळेल, असा तिचा अंदाज आहे. हातात नोकरीचे पत्र नाही. ३० एप्रिलला इथली नोकरी सोडायची आणि मेच्या मध्याला तिथे पोहोचायचे, असा बेत आहे.

"माझ्याकडे दोन लाखांच्या वर आहेत," ती म्हणते. "आठ महिने आरामात निघतील."

शलाकाच्या शेजारी एक काकू राहतात. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या त्या एजंट. गल्लीतल्या निम्म्या घरांचे पोस्टातले आवर्ती ठेवीचे हप्ते, म्हणजे आरडीचे पैसे, त्याच गोळा करतात. शलाकाची आरडीही त्यांच्याकडेच. त्या कोणाला उपदेश करत नाहीत. त्यांनी इतकेच विचारले, "दोन लाख कुठे कुठे आहेत, ते सांग बरं."

एप्रिलअखेर असतील ते आकडे शलाकाने सांगितले. पगाराच्या खात्यात ४१,०००. बँकेत मुदत ठेव ६०,०००. पोस्टातल्या आरडीत दरमहा २,००० प्रमाणे वीस हप्ते, म्हणजे ४०,०००. भविष्य निर्वाह निधीत, पीएफमध्ये, सुमारे ७२,०००. एकूण २,१३,०००. बेरीज बरोबर होती.

काकूंनी आधी पीएफवर रेघ मारली. तो पैसा शलाकाचाच आहे, पण तो बेटावरच्या भाड्यासाठी नाही. नोकरी सलग पाच वर्षे झालेली नसताना पीएफ काढला तर तो करपात्र ठरतो, आणि रक्कम ५०,००० किंवा त्याहून अधिक असेल तर पॅन दिलेला असूनही १० टक्के करकपात होऊ शकते. उत्पन्न करमर्यादेच्या खाली असेल तर अर्ज भरून ती कपात टाळता येते. पण मुद्दा त्याच्याही पलीकडचा आहे. पैसे खात्यात राहू दिले तर त्यावर व्याज मिळत राहते. पुढे दुसरी नोकरी लागली की त्याच यूएएन क्रमांकावर ते खाते जोडता येते आणि आधीची तीन वर्षेही सेवेत धरली जातात. पीएफच्या पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पैसे काढून हिशोब मिटवला की ती मोजणी पुन्हा पहिलीपासून.

मग आरडी. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी ती बंद करून पैसे घेता येत नाहीत, आणि तीन वर्षांनंतर मुदतीआधी बंद केली तर व्याज बचत खात्याच्या दराने मिळते. बारा हप्ते भरून खाते एक वर्षाचे झाले असेल तर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते. शलाकाचे वीस हप्ते झालेत, म्हणजे फार तर २०,००० रुपये, आणि तेही व्याजाने. काकू म्हणाल्या, "हे तुझे पैसे आहेत, पण हातातले नाहीत."

उरले बँकेतले ४१,००० आणि मुदत ठेवीचे ६०,०००. ठेव मुदतीआधी मोडली तर बँक व्याजात थोडी कपात करते, मुद्दल शाबूत राहते. म्हणजे खर्चाला खरोखर उपलब्ध १,०१,०००.

आता त्यातून एकदाच होणारे खर्च वजा करू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील. इंदूरहून रेल्वे, पुढे विमान आणि बेटापर्यंतची बोट धरून जाण्याचा खर्च १२,०००. खोलीसाठी दोन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून, १६,०००. आरोग्य विम्याचा हप्ता ८,०००. आणि परतीचे पैसे १५,०००, कारण घाईत काढलेले तिकीट नेहमीच महाग पडते. एकूण ५१,००० झाले. खाली राहिले ५०,०००.

दरमहा खर्च : खोली ८,०००, जेवणखाण ७,५००, फोन आणि जाणे-येणे २,५००, किरकोळ २,०००. बेरीज २०,०००. अडीच महिने निघतील.

इथे शलाकाची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. शलाका दर महिन्याला घरात ५,००० रुपये देते आणि त्यातून आजीची औषधे येतात. ते पैसे शलाकाच्या यादीत नव्हतेच. आरडीचा २,००० चा हप्ताही नव्हता. दोन्ही धरले की दरमहा २७,००० होतात. ५०,००० भागिले २७,००० केले तर पुरते दोन महिनेही होत नाहीत.

आठ महिने म्हणणारी मुलगी खोटे बोलत नव्हती. तिने रक्कम मोजली होती, महिने मोजले नव्हते. बहुतेक सगळ्यांचे असेच होते. पासबुकातली रक्कम मोठी दिसते, कारण ती एका ओळीत असते. खर्च मात्र रोज थोडा थोडा होतो आणि कुठेही एका ओळीत दिसत नाही.

बेटाचा हंगाम

आता बेटाकडे वळू, कारण इथला हिशोब पुण्याला किंवा बंगळुरूला बिननोकरीचे जाण्यापेक्षा वेगळा आहे.

अंदमान-निकोबार हा केंद्रशासित प्रदेश. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे १,१९० किलोमीटर आणि कोलकात्याहून सुमारे १,२५५ किलोमीटर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम असे करण्यात आले. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप झाले आहे. अर्जात, पत्त्यात, तिकिटावर दोन्ही नावे दिसतील, गोंधळू नका. २०११ च्या जनगणनेनुसार सगळ्या बेटांची मिळून लोकसंख्या सुमारे ३ लाख ८० हजार. म्हणजे एका मध्यम शहराएवढी माणसे, आणि तीही वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेली. नोकऱ्याही त्याच प्रमाणात. सरकारी नोकरीत स्थानिक रहिवाशांना पुढे ठेवले जाते. त्यामुळे बाहेरून आलेल्याच्या वाट्याला मुख्यतः पर्यटनातली कामे येतात : हॉटेलचे स्वागतकक्ष, स्वयंपाकघर, टॅक्सी आणि बोटींचे आरक्षण, डायव्हिंगची केंद्रे.

पर्यटनाचे काम हंगामी असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमाराला येतो. अंदमानात तो त्याच्याही आधी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो. पुढे अनेक महिने पाऊस असतो, आणि नैर्ऋत्य पाऊस संपला तरी ईशान्य मोसमी पावसाच्या सरी वर्षअखेरीपर्यंत येत राहतात. वर्षभराचा पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. जून ते ऑगस्टमध्ये पर्यटक घटतात. कामावर असलेल्या माणसांनाच तेव्हा सुटीवर पाठवतात, नवीन कोण घेणार?

आणि शलाका निघाली होती मेच्या मध्याला. तिच्या दोन महिन्यांच्या पैशांतले दोन्ही महिने कोरड्या हंगामात गेले असते. पावसाळा सगळ्यात ओला, पण कामाच्या दृष्टीने सगळ्यात कोरडा. तिचा यात दोष नाही. आपल्याकडची नोकरी सोडण्याची वेळ आर्थिक वर्षाच्या शेवटाशी बांधलेली असते आणि बेटावरची भरती ऑक्टोबरच्या तोंडाशी. हे दोन कॅलेंडर जुळत नाहीत, आणि मधला फरक तुमच्या बचत खात्यातून जातो.

बेटावरच्या खर्चाबद्दलही थोडे सांगायला हवे. भाजी, डाळ, सिमेंट, औषधे असा बराच माल मुख्य भूमीवरून जहाजाने येतो, त्यामुळे त्याचे दर इंदूरसारखे नसतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून प्रवासी जहाजे आहेत. प्रवासाला तीनेक दिवस लागतात. तिकीट विमानापेक्षा स्वस्त असते, पण जहाज महिन्यातून मोजक्याच वेळा सुटते. सामान घेऊन निवांत जायला ते चांगले. घरी कोणी आजारी पडले म्हणून धावत यायला त्याचा उपयोग नाही. शिवाय जहाजांना आणि बोटींना स्थानिक रहिवाशांसाठी वेगळा, कमी दर असतो. तिथल्या ओळखीच्या माणसाने सांगितलेले भाडे तुम्हाला लागू होईलच असे नाही.

लक्षद्वीपचा विचार कोणी करत असेल तर तिथे भारतीय नागरिकालाही प्रवेशाचा परवाना लागतो. जाऊन राहू आणि मग काम शोधू, असे तिथे जमत नाही. अंदमानात पोर्ट ब्लेअर किंवा हॅवलॉकसाठी भारतीयांना तसा परवाना लागत नाही. आदिवासींसाठी राखीव असलेल्या क्षेत्रांत मात्र जाता येत नाही.

डायव्हिंगबद्दल एक सूचना. पोहता येते म्हणून डायव्हिंगच्या केंद्रात पगारी काम मिळत नाही. पर्यटकांना पाण्याखाली नेण्यासाठी एकामागून एक अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात, आणि ते सगळे मिळून खर्च लाखाच्या घरात जातो. ते शिक्षण घ्यायचे असेल तर खुशाल घ्या, पण त्याचा पैसा राहण्याच्या पैशांतून काढू नका. तो वेगळा साठवायला हवा.

बाबांची ठेव

हिशोबाचा कागद पाहून शलाकाच्या बाबांनी जे केले, ते आपल्यापैकी अनेक बाबा करतील. ते उठले आणि कपाटातून पोस्टाचे पासबुक घेऊन आले. निवृत्तीच्या पैशांतले ४ लाख त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले आहेत. ठेवून दोन वर्षे होऊन गेली. व्याजदर ८.२ टक्के, दर तीन महिन्यांनी ८,२०० रुपये खात्यात येतात. "यातले लाखभर काढू," ते म्हणाले. "पोरीला एकदा मनासारखं करू दे."

भावना खरी आहे, पण योजना तसे करू देत नाही. या खात्यातून थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत. काढायचे तर खाते पूर्ण बंद करावे लागते. दोन वर्षे झालेली असतील तर मुद्दलातून १ टक्का कापला जातो, म्हणजे इथे ४,००० रुपये. एक ते दोन वर्षांच्या दरम्यान बंद केले असते तर दीड टक्का. वर्षाच्या आत केले असते तर दिलेले व्याजही परत वळते करून घेतले असते. मग उरलेले ३ लाख पुन्हा कुठे गुंतवायचे, तेव्हा दर काय असेल, हे प्रश्न आलेच. मुख्य म्हणजे तिमाहीच्या ८,२०० रुपयांत या घराचे वीजबिल, दूध आणि गॅस चालतो. लाख रुपयांसाठी घराचे हे उत्पन्न मोडून टाकायचे का?

काकूंनी पासबुक बाबांच्या हातात परत ठेवले. माझेही मत तेच आहे, आणि ते कठोर वाटले तरी चालेल : पंचविशीच्या मुलीला दुसरी नोकरी मिळते, बासष्टच्या माणसाला दुसरी निवृत्तीची रक्कम मिळत नाही. आईवडिलांना मदत करायचीच असेल तर पुढे येईल तो मार्ग कमी खर्चाचा आहे.

परतीचे पैसे कुठे ठेवायचे

परतीचे १५,००० रुपये शलाकाच्या रोजच्या खात्यात राहिले तर ते राहणार नाहीत. पहिल्याच महिन्यात कोणाचा वाढदिवस येईल, एखादी सहल ठरेल. म्हणून ते वेगळे ठेवायचे, आणि असे ठेवायचे की गरज पडली तर इंदूरला बसलेली आईही ते काढून मुलीचे तिकीट काढू शकेल. मुलगी आजारी आहे, फोन लागत नाही, अशा वेळी हे उपयोगी पडते.

पुष्कळ लोक यासाठी आई-मुलीच्या संयुक्त नावाने मुदत ठेव करतात. अर्जावर 'दोघांपैकी कोणीही' असा पर्याय निवडलेला असतो, त्यामुळे आई एकटी ती मोडू शकेल असे त्यांना वाटते. बँकेत गेल्यावर कळते की हा पर्याय मुदत संपल्यानंतरच्या पैशांसाठी आहे. मुदतीआधी ठेव मोडायला साधारणपणे दोघींच्या सह्या मागितल्या जातात. एक सही अंदमानात, दुसरी इंदूरला. म्हणून परतीचे पैसे संयुक्त बचत खात्यात ठेवावेत, जे दोघींपैकी कोणीही एक चालवू शकेल. पोस्टात असे खाते ५०० रुपयांवर उघडते. व्याज थोडे कमी मिळेल. चालेल. हे पैसे वाढण्यासाठी ठेवलेले नाहीत.

नोकरी सोडण्याच्या आधीचा आठवडा

पगाराच्या खात्यात किमान शिल्लक लागत नाही, कारण पगार येत असतो. काही महिने पगार आला नाही की बँक ते साध्या बचत खात्यात बदलू शकते. मग किमान शिलकीची अट आणि तिचा दंड दोन्ही लागू होऊ शकतात. जाण्याआधी बँकेत जाऊन विचारा. शून्य शिलकीचे मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेत मिळते, त्यावर एटीएम कार्ड मिळते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे विनाशुल्क काढता येतात. पगाराचे खाते तशा खात्यात बदलून मागता येते. मात्र त्याच बँकेत तुमचे दुसरे बचत खाते असेल तर हे जमत नाही.

मोबाइल क्रमांकाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. कंपनीने दिलेले सिम वर्षानुवर्षे वापरलेले असते. बँक, आधार, पीएफ, विमा, सगळीकडे तोच क्रमांक असतो. राजीनाम्यानंतर सिम परत करावे लागते आणि ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर जाऊ लागतात. शलाकाचेही असेच होते. शेवटच्या दिवसाआधी सगळीकडे स्वतःचा क्रमांक नोंदवून घ्या, आणि तो क्रमांक रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका.

नोकरीबरोबर कंपनीचा सामूहिक आरोग्य विमाही संपतो. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन आधीच्या विम्याची वर्षे प्रतीक्षा काळात धरून घेता येतात, पण त्यासाठी जुने संरक्षण संपण्याआधी अर्ज करावा लागतो. नव्याने पॉलिसी घेतली तर अपघात सोडून इतर आजारांसाठी पहिले ३० दिवस आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. अंदमानात मोठे सरकारी रुग्णालय, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय, पोर्ट ब्लेअरला आहे. हॅवलॉकहून तिथे जायला सरकारी बोटीने दोन-अडीच तास लागतात. गंभीर रुग्णाला पुढे चेन्नईला किंवा कोलकात्याला न्यावे लागते. म्हणून विम्याचे ८,००० रुपये यादीतून काढू नका. पॉलिसी वाचताना स्कूबासारखे साहसी खेळ वगळले आहेत का, तेही पाहा. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात.

प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचा वर्षाचा हप्ता २० रुपये आणि जीवन ज्योती बीमा योजनेचा ४३६ रुपये. दोन्हींत २ लाख रुपयांचे संरक्षण आहे. सुरक्षा बीमा योजनेत अपघाती मृत्यू येतो, त्यात बुडून झालेला मृत्यूही धरतात, मात्र पोलिसांत नोंद झालेली असावी लागते. या योजनांचे वर्ष १ जून ते ३१ मे असते आणि हप्ता मेअखेरीला खात्यातून आपोआप कापला जातो. मे महिना हाच, शलाका नोकरी सोडून प्रवासात असण्याचा. खात्यात ४५६ रुपये नसतील तर संरक्षण गेले, आणि ते गेल्याचे कळतही नाही. सगळ्या खात्यांवर वारसाचे नाव नोंदलेले आहे ना, हे याच फेरीत विचारून घ्या.

ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल सुरू झाली आणि पोर्ट ब्लेअर, स्वराज द्वीपसह अनेक बेटांवरचे इंटरनेट सुधारले. तरीही वादळी दिवसांत यूपीआय चालेलच असे धरून चालू नये. लहान बेटांवर एटीएम मोजकीच असतात. तीन-चार हजारांची रोकड जवळ असावी.

फुकट राहणे आणि पैसे मागणारी नोकरी

काही लहान हॉस्टेलांत कामाच्या बदल्यात राहायला आणि जेवायला देतात. पगार नसतो. शलाकासाठी हा मार्ग वाईट नाही. खोलीचे ८,००० आणि जेवणाचे ७,५०० वाचले की महिन्याचा खर्च २७,००० वरून ११,५०० वर येतो. अनामत रकमेचे १६,००० हातात राहतात, ते वेगळेच. पण ही नोकरी नव्हे हे लक्षात ठेवून जावे. पीएफ नाही, विमा नाही, आणि गर्दी ओसरली की जागाही नाही. किती तास काम, आठवड्यातून सुटी किती, किती दिवसांसाठी, हे निदान मोबाइलवरच्या संदेशात तरी लिहून घ्यावे.

उलट प्रकारही आहे. रिसॉर्टमध्ये किंवा क्रूझवर नोकरी देतो, आधी नोंदणीचे, गणवेशाचे, वैद्यकीय तपासणीचे पैसे भरा, असे संदेश येतात. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. पैसे भरून फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पैसे संपत आले की मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप दिसू लागतात. बेटावर एकट्या माणसाला त्या वेळी ती आधारासारखी वाटतात. पण ज्याला दरमहा उत्पन्न नाही, त्याने हप्त्याचे कर्ज कशातून फेडायचे? त्यापेक्षा परतीच्या पैशांना हात घालून घरी यावे. ते त्यासाठीच ठेवले आहेत.

दुसरा कागद

काकूंनी कागद उलटा केला आणि पुन्हा सुरुवात केली. शलाका एप्रिलऐवजी ३० सप्टेंबरला नोकरी सोडते. मे ते सप्टेंबर पाच पगार हातात येतात. घरी राहून, घरचे ५,००० आणि आरडी चालू ठेवून, ती दरमहा ९,००० बाजूला टाकू शकते. पाच महिन्यांचे ४५,०००. आधीचे ५०,००० धरून ९५,०००. महिन्याला २७,००० प्रमाणे साडेतीन महिने.

साडेतीन म्हणजे फार नाहीत. पण हे वेगळे साडेतीन आहेत. १० ऑक्टोबरच्या सुमाराला पोहोचली तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पैसे पुरतात, आणि दिवाळी, नाताळ, नवे वर्ष हे गर्दीचे दिवस त्यातच येतात. हॉटेलांना माणसे हवी असतात ती तेव्हा. मेमध्ये दोन महिने थांबून जे कळले नसते, ते इथे तीन महिन्यांत कळेल. ३१ डिसेंबरपर्यंत पगारी काम मिळाले नाही तर जानेवारीत परतायचे, असे शलाकाने स्वतःच लिहिले. तारीख आधी लिहून ठेवली की ती ठरवताना आशा आड येत नाही. हातात तीन आठवड्यांचा खर्च शिल्लक असतानाच निघता येते, आणि परतीचे १५,००० तर वेगळेच आहेत.

आईने एक गोष्ट सुचवली. ऑक्टोबर ते डिसेंबर तीन महिने घरचे ५,००० देऊ नकोस, आजीच्या औषधांचे बाबांच्या व्याजातून भागवू. १५,००० वाचले. पासबुक न मोडता घराने केलेली मदत ती हीच. पण आईने मागाहून हेही सांगितले, "जानेवारीपासून मात्र लागतील हं, तू कुठेही असलीस तरी."

शलाकाचा चेहरा पडला होता. पाच महिने म्हणजे पाच महिने. तिने राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमधून काढला नाही, फक्त त्यावरची तारीख बदलली. ५ मे रोजी काकू नेहमीप्रमाणे आरडीचा एकविसावा हप्ता न्यायला आल्या, तेव्हा २,००० रुपये पाकिटात तयार होते.

घरी करून पाहा

एक : तुमची सगळी शिल्लक लिहा. प्रत्येक रकमेपुढे लिहा की ती उद्या, महिन्याभरात की वर्षानंतर हातात येईल. फक्त 'उद्या' आणि 'महिन्याभरात' असलेल्या रकमांची बेरीज करा.

दोन : महिन्याचा खर्च लिहा. घरी देत असलेले पैसे आणि चालू हप्ते त्यात धरले आहेत का, ते घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा आणि विचारा.

तीन : शलाकाला मे महिन्यातच राहण्या-जेवणाची सोय असलेले हॉस्टेल मिळाले असते, तर अनामत रक्कम वाचवून तिच्या हातात ६६,००० राहिले असते. महिन्याला ११,५०० प्रमाणे ते किती महिने पुरले असते? हॉस्टेलने पावसाळ्यात, जुलैअखेर, जागा सोडायला सांगितली असती तर त्या दिवशी तिच्याकडे किती उरले असते?